रॉबी कीन: देशासाठी ६८ गोल, मग क्लबांनी त्याला इतकं फिरवलं का?

पेनल्टी_बॉक्स (धागाकर्ता)
फुटबॉलपटू रॉबी कीनचे आयर्लंडसाठी १४६ सामन्यांत ६८ गोल आहेत. त्या यादीत त्याच्या खाली नायल क्विन आहे, २१ गोलांवर. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून पुढे. असं अंतर फार थोड्या देशांत दिसतं.

आता क्लबांकडे बघा: वुल्व्ह्ज, कोव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, परत टॉटनहॅम, लोनवर (म्हणजे उसना) सेल्टिक, लोनवर वेस्ट हॅम, मग एलए गॅलक्सी, मधेच दोन महिने ॲस्टन व्हिला आणि शेवटी आपल्या कोलकात्याचा एटीके. इंग्लंडमध्ये असेपर्यंत हातात पडलेला मोठा करंडक एकच, २००८चा लीग कप.

माझं मत असं की दोष बराचसा त्याचाच. नक्की जागा नसलेला खेळाडू होता तो. धड नऊ नंबर (सगळ्यात पुढचा स्ट्रायकर) नाही, धड दहा नंबर (त्याच्या मागचा) नाही. तुम्हाला काय वाटतं?

कॉर्नरफ्लॅग
त्याच्यावरचा जुना विनोद आहेच की. ज्या क्लबात जाईल तो म्हणे त्याचा लहानपणापासूनचा लाडका क्लब! डब्लिनमधल्या टॅलाच्या पोराचं बालपण भलतंच ऐसपैस दिसतंय.

हिशेबनीस
"क्लबांनी फिरवलं" या शब्दांतच निम्मं उत्तर आहे. बदल्या पैशांच्या बाजूने बघा, क्रमाने.

१९९९, वुल्व्ह्ज ते कोव्हेंट्री, ६० लाख पौंड. किशोरवयीन खेळाडूसाठी तेव्हा ब्रिटनमधली विक्रमी रक्कम. वुल्व्ह्ज दुसऱ्या श्रेणीत होते. स्वतःच्या युवा संघातून वर आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम थेट नफ्यात जाते. दुसऱ्या श्रेणीतला क्लब असं पोरगं फार काळ धरून ठेवूच शकत नाही.

२०००, कोव्हेंट्री ते इंटर, १ कोटी ३० लाख. एका मोसमात दुपटीहून जास्त. लीगमध्ये ३१ सामने, १२ गोल, आणि विकला. त्याच्या जागी नॉरिचकडून क्रेग बेलामी आणला ६५ लाखांना. त्याचे लीगमध्ये ६ गोल झाले आणि २००१मध्ये कोव्हेंट्री ३४ वर्षांनी वरच्या श्रेणीतून खाली गेले. वहीत नफा, तक्त्यात दिवाळं.

२००१, इंटर ते लीड्स, आधी लोन आणि मग १ कोटी २० लाख. २००२, लीड्स ते टॉटनहॅम, ७० लाख. या पन्नास लाखांच्या घसरणीचं कारण कीनच्या पायात नाही, लीड्सच्या कर्जात आहे. पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले होते आणि हिशोब धरला होता दरवर्षी युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळणार असा. २००१ला चौथे आले, पण तेव्हा इंग्लंडला तीनच जागा होत्या. २००२ला पाचवे. मग त्याच उन्हाळ्यात रिओ फर्डिनंडला मँचेस्टर युनायटेडला विकलं आणि ऑगस्टअखेर कीनला. घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही हे मंडईत कळतं ते लीड्सच्या संचालकांना कळलं नव्हतं.

म्हणजे पहिल्या चार बदल्यांपैकी तीन विकणाऱ्याच्या गरजेच्या. इंटरची तेवढी वेगळी, त्यावर इतरांनी लिहावं.

रेटून_खेळ
इंटर मी घेतो. त्याला मार्चेल्लो लिप्पीने आणलं. लाझिओविरुद्ध सुपर कपमध्ये गोलही केला त्याने, सामना ४-३ हरले. त्याआधीच चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गकडून बाहेर, आणि मग सेरी आच्या (इटलीची वरची लीग) पहिल्याच सामन्यात रेज्जिनाकडून हार. लिप्पीला नारळ. नवा कोच मार्को तार्देल्ली. त्याच्याकडे व्हिएरी, झामोरानो, रेकोबा, हाकान शुकुर होते, रोनाल्डो जखमी असला तरी. वीस वर्षांच्या आयरिश पोराची पाळी येणार कधी? लीगमध्ये ६ सामने, गोल शून्य. डिसेंबरमध्ये लीड्सला लोनवर, तिथे १८ लीग सामन्यांत ९ गोल.

जो कोच आणतो तोच गेला की आणलेला माल गोदामात पडतो. फुटबॉलमध्ये याला औषध नाही.

ऑफसाइड_काका
धागाकर्ते म्हणतात नक्की जागा नव्हती. माझं म्हणणं उलट आहे. त्याची जागा अगदी नक्की होती, ती जागाच नंतर नकाशावरून पुसली गेली.

४-४-२ मध्ये, म्हणजे चार बचावपटू, चार मिडफील्डर अशा मांडणीत, दोन स्ट्रायकर असतात. एक उंच, पाठीवर बचावपटू घेऊन उभा राहणारा. दुसरा त्याच्या मागे दहा-बारा मीटरवर, प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यातल्या पट्ट्यात. कीन हा दुसरा. उंची पाच फूट नऊ इंच, वेग बरा पण डोळे दिपवणारा नाही. त्याचं भांडवल तीन गोष्टींचं.

पहिली, चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघून घेणं, म्हणजे चेंडू अर्धवट वळलेल्या अंगानेच घेता येतो. सरळ गोलकडे पाठ करून घेतला तर वळण्यात सेकंद जातो आणि तेवढ्यात सेंटरबॅक अंगावर येतो. दुसरी, पहिला स्पर्श. चेंडू पायाखाली मारत नसे, पुढच्या पावलाच्या रेषेत ठेवत असे, म्हणून मागे पाय न खेचता फटका बसे. तिसरी, उंच साथीदाराच्या डोक्यावर चेंडू जाण्याच्या *आधी* धाव सुरू करणं. चेंडू डोक्याला लागल्यावर पळालात तर उशीर, फार आधी पळालात तर ऑफसाइड. ही वेळ साधणं शिकवून येत नाही.

आता त्याच्या उत्तम वर्षांतले साथीदार बघा: आयर्लंडला क्विन, पुढे केव्हिन डॉयल. टॉटनहॅमला आधी शेरिंगहॅम आणि कानूटे, नंतर बर्बातोव. सगळे उंच, सगळे चेंडू धरून ठेवणारे. २००७-०८ मध्ये कीन आणि बर्बातोव दोघांचेही सगळ्या स्पर्धांत मिळून २३-२३ गोल. एकाने दुसऱ्याचं खाल्लं नाही, वाढवलं.

२००४ नंतर मात्र इंग्लंडमध्ये मोरिन्योच्या चेल्सीचं बघून तीन मिडफील्डर आले. त्यातला एक नेमका त्या पट्ट्यात बसवलेला, चेल्सीच्या माकेलेलेसारखा. कीन जिथे उभा राहायचा तिथे आता पहारेकरी. सगळे क्लब हळूहळू एकाच स्ट्रायकरवर आले. एकटा स्ट्रायकर म्हणून कीनकडे उंची नाही, ताकद नाही. मागचा दहा नंबर म्हणून खेळवा, तर तिथे पास देणारा मिडफील्डर बसवलेला. जागा गेली ती अशी.

कॉर्नरफ्लॅग
काका, हे म्हणजे वाड्यातली माजघरं गेली आणि फ्लॅट आले तसं झालं. माजघरातल्या माणसाला हॉलमध्ये बसवलं की तो पाहुणाच वाटतो.

ऑफसाइड_काका
@कॉर्नरफ्लॅग, अगदी. आणि त्या हॉलचं नाव लिव्हरपूल.

कॉपचा_कोपरा
लिव्हरपूलवर आलातच तर थांबा. जुलै २००८, १ कोटी ९० लाख पौंड, वर अटींवर अवलंबून थोडे आणखी. २ फेब्रुवारी २००९ला १ कोटी २० लाखांना परत टॉटनहॅमला. सहा महिने, लीगमध्ये १९ सामने, ५ गोल.

काय चुकलं? कोच बेनिटेझ ४-२-३-१ खेळवत होता, म्हणजे वर एकच स्ट्रायकर. वर टोरेस, त्याच्या मागे जेरार्ड. आदल्या मोसमात या दोघांनी धुमाकूळ घातलेला. म्हणजे कीनची जागा ज्या पट्ट्यात, तिथे क्लबाचा कर्णधार उभा. मग कीनला कधी डावीकडे, टोरेसच्या मांडीचा स्नायू दुखावला की एकटा वर, आणि सुरुवात केली तरी तासाभरात बाहेर. लीगमधला पहिला गोल नोव्हेंबरात आला, वेस्ट ब्रॉमविरुद्ध, त्या सामन्यात दोन. डिसेंबरात आर्सेनलच्या मैदानावर लांब चेंडू एका फटक्यात जाळ्यात मारला, तो बघा कुठे सापडला तर. आणि पुढच्याच महिन्यात माणूस विकायला काढला.

खरेदी कोणी ठरवायची यावरून तिथे कोच आणि व्यवस्थापन यांच्यात तणातणी चालू होती, हे तेव्हा उघड गुपित होतं. त्या भांडणात खेळाडूचा चेंडू झाला. त्याचा दोष एवढाच की जेरार्ड असलेल्या क्लबात त्याने सही केली.

सदू_स्वीपर
एक मिनिट. तुम्ही सगळे त्याला दुधाने न्हाऊ घालताय. ते ६८ गोल जरा चाळणीतून काढा. २०१४ मध्ये जिब्राल्टरविरुद्ध पहिल्या १८ मिनिटांत हॅटट्रिक. पुढच्या वर्षी त्यांच्याच विरुद्ध आणखी दोन. २००६ला सान मरिनोविरुद्ध हॅटट्रिक, २०१३ला फेरो बेटांविरुद्ध हॅटट्रिक. तिन्ही हॅटट्रिक कोणाविरुद्ध आहेत बघा. क्विनचा २१चा विक्रम मोडला तोही फेरो बेटांविरुद्ध, २००४ मध्ये. जर्मनीच्या गेर्ड म्युलरचे गोलही बरोब्बर ६८ आहेत, पण ६२ सामन्यांत. १४६ नव्हे.

रेटून_खेळ
चाळणी लावायची तर दोन्ही बाजूंनी लावा. चाळणीत काय उरतं ते मी सांगतो.

५ जून २००२, इबाराकी, जर्मनी. ०-१ मागे, ९२वं मिनिट. उजवीकडून स्टीव्ह फिननचा लांब चेंडू, बदली आलेल्या क्विनचं डोकं, आणि कीन. वर काकांनी सांगितलेली तिसरी गोष्ट तिथे जशीच्या तशी दिसते: क्विन उडी घेत असतानाच कीनची धाव सुरू आहे. गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या हाताला लागून चेंडू आत. अंतिम सामन्याआधी जर्मनीवर झालेला त्या विश्वचषकातला एकमेव गोल.

सहा दिवसांनी योकोहामाला सौदीविरुद्ध पहिला गोल. १६ जूनला सुवॉनमध्ये स्पेनविरुद्ध ९०व्या मिनिटाला पेनल्टी. आधी साथीदार हार्टची पेनल्टी स्पेनचा गोलरक्षक कासियासने अडवलेली, तरी याने चेंडू उचलला आणि मारला. जादा वेळेनंतरच्या शूटआउटमध्येही पहिली पेनल्टी त्याचीच, तीही आत. पुढचे तिघे चुकले म्हणून आयर्लंड गेलं.

एप्रिल २००९, बारी, जगज्जेत्या इटलीविरुद्ध ८७व्या मिनिटाला बरोबरी. नोव्हेंबर २००९, पॅरिस, फ्रान्सविरुद्ध, साथीदार डफने शेवटच्या रेषेवरून मागे ओढून दिलेला चेंडू, ३३व्या मिनिटाला गोल. पुढे जादा वेळेत फ्रान्सच्या आंरीचा चेंडूला लागलेला हात आणि त्यावर गालासचा गोल, ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि म्युलरशी तुलना कसली? म्युलरच्या मागे बेकेनबाउर होता.

सदू_स्वीपर
पॅरिसचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच सामन्यात कीन गोलरक्षक योरिसला चकवून पुढे गेला आणि चेंडू जास्त ढकलला गेल्यामुळे तो रेषेबाहेर गेला. तो आत गेला असता तर आंरीच्या हाताची वेळच आली नसती. पहिला स्पर्श हे भांडवल ना?

ऑफसाइड_काका
@सदू_स्वीपर, हा मुद्दा मान्य. कारणही सांगतो. गोलरक्षकाला वळसा घालताना चेंडू बाहेरच्या बाजूला ढकलावा लागतो, आणि पळता पळता कोन जितका रेषेकडे जाईल तितकी पुढच्या स्पर्शाला जागा कमी. ढकलताना अर्धा मीटर जास्त गेला की संपलं. अशा वेळी म्युलर बहुधा वळसाच घालत नसे, आधीच मारून मोकळा होई. तिथे तुमची तुलना बरोबर बसते.

नवी_जर्सी
मला एक कळत नाहीये. २००२च्या विश्वचषकात कीन कोचशी भांडून सायपानहून घरी गेला होता ना? मग जर्मनीविरुद्ध गोल कसा केला?

कॉर्नरफ्लॅग
आला! ज्याची वाट बघत होतो तो प्रतिसाद आला.

रेटून_खेळ
@नवी_जर्सी, तो रॉय कीन. कॉर्कचा, मिडफील्डर, मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार. मिक मॅकार्थीशी भांडला तो. हा रॉबी, डब्लिनचा. नातं नाही. रॉय गेल्यावर कर्णधारपद स्टीव्ह स्टाँटनकडे आलं, आणि पुढे २००६ला तोच स्टाँटन प्रशिक्षक झाल्यावर त्याने रॉबीला कर्णधार केलं.

नवी_जर्सी
धन्यवाद, आणि माफी. दोन कीन एका संघात म्हणजे आपल्या गल्ली क्रिकेटमधल्या दोन पाटलांसारखं झालं.

मडगावचा_लेफ्टबॅक
एटीकेबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. २०१७-१८चा मोसम. त्याच वर्षी अॅटलेटिको माद्रिदशी नातं तुटलं होतं आणि अॅटलेटिको दे कोलकाताचं नुसतं एटीके झालं होतं. कोच टेडी शेरिंगहॅम, म्हणजे कीनचा टॉटनहॅममधला जुना जोडीदार. कागदावर सुंदर योजना.

प्रत्यक्षात काय झालं? सुरुवातीलाच कीन जखमी, पहिले सामने हुकले. त्याच मोसमापासून नियम बदलला होता: मैदानावर परदेशी सहाऐवजी पाचच. म्हणजे ३७ वर्षांच्या, अर्धवट तंदुरुस्त स्ट्रायकरने एक परदेशी जागा अडवली तर उरलेल्या चारांवर सगळा भार. लीग नोव्हेंबर ते मार्च अशी दाटीवाटीची. जानेवारीत शेरिंगहॅमला काढलं, अॅश्ले वेस्टवुड आला, मार्चमध्ये तोही गेला, आणि शेवटी कीनच खेळाडू-कोच. दोनदा अजिंक्य ठरलेला संघ दहांत नववा.

तरीही लीगमध्ये ६ गोल केलेच. ३ जानेवारीला सॉल्ट लेकला आमच्या एफसी गोवाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला केला होता, मग आमच्या कोरोने बरोबरी केली. फातोर्ड्याला परतीच्या सामन्यात आम्ही ५-१ ने हिशेब चुकता केला. देव बरें करूं.

बालेवाडी_ब्लॉक
आणि त्याच्या आधी नोव्हेंबरात पुणे सिटीने कोलकात्यात जाऊन ४-१ ने ठोकलं होतं, हे नोंदवून ठेवा. कीन नव्हता खेळत, पण त्याने काही बिघडलं नसतं.

मडगावचा_लेफ्टबॅक
पुणे सिटी हयात असती तर उत्तर दिलं असतं. दिवंगतांबद्दल वाईट बोलू नये.

बालेवाडी_ब्लॉक
हे लागलं हां.

कॉर्नरफ्लॅग
एक लक्षात आलंय का? हा आला की कोच जातो. इंटरला लिप्पी. लीड्सला ओ'लिअरी. टॉटनहॅमला हॉडल. सेल्टिकला लोनवर गेला फेब्रुवारी २०१०ला, मार्चमध्ये टोनी मोब्रेला नारळ. वेस्ट हॅमला गेला, अॅव्हरम ग्रांट गेला, क्लबही खाली गेला. व्हिलाला दोन महिने होता, त्या मोसमाअखेर मॅकलीश गेला. एटीकेने तर दोन घालवले. पनवती हा शब्द उच्चारत नाही, पण यादी बोलते.

हिशेबनीस
यादी गमतीची आहे, पण उलटी वाचा. अडचणीतले क्लबच घाईघाईने मध्यावर स्ट्रायकर घेतात. जानेवारीत कीनसारख्याला लोनवर आणणं हे रोगाचं लक्षण, रोगाचं कारण नव्हे. आणि सेल्टिकमधले त्याचे आकडे बघा: लीगमध्ये १६ सामने, १२ गोल. पहिला सामना किल्मार्नॉकमध्ये १-० हरले, पुढे चषकाच्या उपांत्य फेरीत खालच्या श्रेणीतल्या रॉस काउंटीकडूनही हरले, तरी चाहत्यांनी वर्षाचा खेळाडू म्हणून यालाच निवडलं. प्रीमियर लीगचे एकूण १२६ गोलही फोडून देतो: कोव्हेंट्री १२, लीड्स १३, टॉटनहॅम ९१, लिव्हरपूल ५, वेस्ट हॅम २, व्हिला ३. सव्वाशेतले नव्वदच्या वर एकाच क्लबाचे. याला भटक्या म्हणणं जड जातं.

रेटून_खेळ
+१. व्हिलाच्या ३ पैकी २ वुल्व्ह्जच्या मैदानावर, जिथून सुरुवात झाली तिथेच. त्यातला एक लांबून मारलेला. व्हिला ३-२ जिंकले.

पेनल्टी_बॉक्स (धागाकर्ता)
९१चा आकडा मी असा कधी बघितला नव्हता. बरं, मग काकांचं म्हणणं खरं असेल तर त्याची परीक्षा अमेरिकेत घेता येईल. एलए गॅलक्सीत दोन स्ट्रायकर होते का? की तिथली लीगच सोपी म्हणून गोल झाले?

पश्चिम_किनारा
परीक्षा घेऊ. ऑगस्ट २०११ला तो डेझिग्नेटेड प्लेयर म्हणून गेला. हा नियम २००७ला बेकहॅमसाठी आणलेला. एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लीगमध्ये, सगळ्या संघाच्या पगाराला कमाल मर्यादा असते. या नियमाने ठराविक खेळाडूंच्या पगाराचा मोजकाच भाग त्या मर्यादेत धरतात, बाकी क्लब खिशातून देतो. २०११ला अशा तीन जागा होत्या आणि गॅलक्सीकडे तिथे बेकहॅम, डोनोव्हन, कीन.

त्याचा तोटा असा की उरलेला संघ स्वस्तातला. बचावात आणि बाकावर कमी पगाराची मुलं. त्यामुळे वरच्या तिघांना स्वतःच संधी तयार करायला लागतात. कोच ब्रूस अरीना बहुधा ४-४-२ खेळवायचा. कीनच्या शेजारी कधी डोनोव्हन, २०१४ला उंच आणि पळणारा ग्यासी झार्डेस. म्हणजे तेच जुनं दुकान परत उघडलं! २०१४च्या साखळीत कीनचे १९ गोल आणि १४ असिस्ट, झार्डेसचे १६ गोल, कीन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अंतिम सामना न्यू इंग्लंडशी, १-१, १११व्या मिनिटाला मार्सेलो सार्व्हासच्या उचललेल्या पासवर धाव आणि गोल. वय ३४. धाव वेगाची नव्हती, वेळेची होती. २०११ आणि २०१२ धरून तीन करंडक. साखळी सामने १२५, गोल ८३. कोच एकच, आणि तोच पूर्ण काळ टिकला. @कॉर्नरफ्लॅग, पनवतीची फाइल बंद करा.

लीग सोपी होती का? बचाव इंग्लंडपेक्षा ढिला, हे खरं. पण विमानप्रवास पाच-सहा तासांचे, कृत्रिम गवत, उन्हाळ्यात भर दुपारचे सामने. तिशीनंतरच्या गुडघ्यांसाठी हे काही सोपं नसतं. आणि मोसम तेव्हा मार्च ते डिसेंबर असल्याने हिवाळ्यात रिकामा वेळ मिळायचा. त्या सुट्टीतच तो व्हिलाला खेळून आला.

सदू_स्वीपर
मग युरो २०१२चं काय? आयर्लंडचा तेव्हाचा कोच त्रापात्तोनी पक्का ४-४-२वाला. आयर्लंडने तीन सामने हरून एकच गोल केला, तोही सेंट लेजर या बचावपटूचा. कीनला पट्टा होता, साथीदार होता. गोल कुठे?

ऑफसाइड_काका
चांगला प्रश्न. त्रापात्तोनीचं ४-४-२ हे दोन भिंतींचं होतं. चार आणि चार खाली बसलेले, मधल्या दोघांना चेंडू पुढे नेण्याची मनाई असल्यासारखी. स्पेन आणि क्रोएशियासारखे संघ चेंडू धरून ठेवतात तेव्हा पट्ट्यातल्या माणसाला मागे येऊन मधल्या फळीला मदत करावी लागते. चेंडू जिंकला की तो गोलपासून पन्नास मीटरवर. ३१व्या वर्षी ते अंतर कापून परत डोक्याची वेळ साधायची? हेच त्रापात्तोनीचं गणित एस्टोनियाविरुद्धच्या प्लेऑफला चाललं, टॅलिनमध्ये ४-० आणि त्यात कीनचे दोन, कारण तिथे आयर्लंड वर चढून खेळलं. म्हणजे कागदावरची आकृती सारखी असली तरी ती जमिनीवर कुठे उभी आहे यावर सगळं. माझ्या आधीच्या प्रतिसादात हे राहिलं होतं.

सदू_स्वीपर
हे पटलं. तरी जिब्राल्टर विसरणार नाही.

पेनल्टी_बॉक्स (धागाकर्ता)
धाग्याच्या शीर्षकातलं "इतकं फिरवलं" बदलायला हवं असं वाटायला लागलंय, पण संपादनाची मुदत संपली. लीड्स आणि इंटरबाबत मी चुकलो, लिव्हरपूलबाबत थोडाच. पण २००८ला टॉटनहॅम सोडण्याचा निर्णय त्याचाही होता. बर्बातोव १ सप्टेंबरला युनायटेडला गेला. दोघे राहिले असते तर?

हिशेबनीस
दोघे गेले आणि टॉटनहॅमने पहिल्या आठ सामन्यांत दोन गुण मिळवले. कोच रामोस ऑक्टोबरात घरी.

कॉर्नरफ्लॅग
बघा, हा *गेला* तरी कोच जातो!

नवी_जर्सी
त्याचा खेळ बघायचा तर एकच सामना सुचवा ना. हायलाइट्समध्ये सगळे गोलच दिसतात, काका सांगतायत ती धाव दिसत नाही.

ऑफसाइड_काका
२००२चा स्पेनविरुद्धचा पूर्ण सामना. क्विन मैदानात येण्याआधीचा अर्धा भाग आणि नंतरचा, असे दोन तुकडे करून बघ. चेंडूकडे बघू नको, फक्त दहा नंबरच्या जर्सीकडे बघ. क्विन आल्यावर तो पाच-सात पावलं मागे सरकलेला दिसेल. आणि पेनल्टीआधी हिएर्रोने क्विनचा शर्ट ओढला तेव्हा कीन कुठे उभा होता, ते इथे येऊन सांग.

रेटून_खेळ
आणि तो झाला की ३१ ऑगस्ट २०१६चा ओमानविरुद्धचा. शेवटचा सामना, शेवटचा गोल, ६८वा. चेंडू आधी वर उचलून घेतो आणि जमिनीला लागू न देता मारतो. मग गोलनंतरची त्याची नेहमीची कोलांटी आहेच, छत्तीसाव्या वर्षी.